रंग सोडून सांग

आमच्या लॅबमध्ये मी फोन आत नेत नाही. त्या दुपारी काम आटपून बाहेर आले, कॅन्टीनमध्ये चहा सांगितला आणि सवयीनं एमबीबीएसच्या बॅचचा ग्रुप उघडला. एरवी तिथं सणावाराच्या शुभेच्छा आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका असतात. त्या दिवशी एकाखाली एक जोडलेले हात होते. 'विश्वास बसत नाही.' 'फार लवकर गेला रे.' 'परवाच बोलणं झालं होतं.' नाव कुठंच नव्हतं, कारण बाकी सगळ्यांना ते आधीच कळलं होतं. मी वर वर सरकवत गेले. वेड्यासारखी मोटरसायकल चालवणारा एक जण होता आमच्यात, आधी तो आठवला. मग कुणाशीच न बोलणारा दुसरा एक आठवला. आणि मग आईचे न घेतलेले फोन दिसले, एकापाठोपाठ एक. आई मला कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही… पुढं वर सरकवायची गरज उरली नाही.

अमोल माझा मावसभाऊ, आणि आमच्याच बॅचचा. माझ्याहून काही महिन्यांनी लहान, इंदापूरच्या अलीकडच्या वस्तीवरचा. सोलापूरला रेडिओलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेत होता. ड्युटीवर असताना डोकं दुखतंय म्हणून खुर्चीत बसला आणि मेंदूतल्या रक्तस्रावानं दुपारच्या आतच संपला. नंतर ग्रुपवर जे काही येत राहिलं त्यानं माझं डोकंच फिरलं. हसतमुख होता म्हणे, सदा आनंदी होता म्हणे. कसला डोंबलाचा आनंदी. एक नंबरचा कुढ्या होता. पोटातलं ओठावर येऊ द्यायचा नाही, आणि विचारलं तर 'काय न्हाय गं' म्हणून चप्पल शोधायला लागायचा. गेलेल्या माणसाला घासूनपुसून गुळगुळीत करायची आपल्याला फार घाई असते. मला तसं करायचं नाही. मला आमच्या पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजीच्या परीक्षेबद्दल लिहायचंय, कारण अमोल खरा कसा होता ते मला त्या परीक्षेत कळलं.

आम्हा दोघांना एकाच वर्षी, एकाच कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेज बारामतीतलं आणि माझं घरही तिथंच, आईवडील दोघंही शिक्षक. अमोलला हॉस्टेल मिळत होतं, पण मावशी म्हणाली, "ताईच्या घरी ऱ्हाऊ दे, पोटाला नीट मिळंल." म्हणून तो आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आला. पाण्याच्या टाकीला लागून ती खोली, दुपारी भट्टीसारखी तापायची. तिथं आम्ही अभ्यास करायचो. हिस्टॉलॉजी म्हणजे काय ते मेडिकलबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शरीरातल्या अवयवाचा अगदी पातळ काप काढतात, तो काचेवर चिकटवतात आणि त्याला दोन रंग देतात. पेशींच्या आतली केंद्रकं जांभळी दिसतात आणि बाकीचं बहुतेक सगळं गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली तो काप बघून हे यकृत, हे मूत्रपिंड, ही प्लीहा, असं ओळखायचं. मला हा विषय सोपा वाटायचा. अमोल मात्र हिस्टॉलॉजीच्या तासाला निघाला की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

तरी सुरुवातीला वर्गात तो फटाफट उत्तरं द्यायचा. मला हेवा वाटायचा. एकदा मी त्याला खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. "प्लीहेच्या काचेचा डावा कोपरा उडालाय. जठराच्या लेबलवर शाईचा डाग हाय. मूत्रपिंडाच्या काचेवर आडवा ओरखडा हाय. मी काच बघतो तायडे, काप न्हाय बघत." मला हसू आवरेना. मी म्हटलं, अरे गाढवा, काचा बदलल्या तर काय करशील? आणि माझी जीभ इतकी काळी की सहामाही परीक्षेला खरोखरच कॉलेजनं नवी कोरी पेटी काढली. स्वच्छ काचा, चकचकीत लेबलं. अमोल हिस्टॉलॉजीत आडवा झाला. नुसता नापास नाही, यकृताला त्याने लाळग्रंथी लिहिलं होतं. सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं की असंच राहिलं तर युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत वर्ष जाईल.

त्या संध्याकाळी मी त्याचं जर्नल मागितलं. म्हटलं, चित्रं तरी धड काढतोस का बघू. जर्नलमध्ये आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीनं रंगवून काढायचं असतं. अमोलच्या चित्रांतल्या रेघा सुरेख होत्या, माझ्याहून कितीतरी चांगल्या. पण स्नायू राखाडी होते. पानभर राखाडी. "हे काय, राखेत लोळवलास का स्नायू?" मी म्हटलं. तो हसला नाही. माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "राखाडी हाय व्हय ते?"

मी त्याच्या कंपासपेटीतल्या पेन्सिली काढून समोर ठेवल्या. टोक करून करून त्यांच्यावरची नावं निघून गेली होती. यातली गुलाबी दे, म्हटलं. त्याचा हात दोन पेन्सिलींमध्ये अडकला… आणि त्याने राखाडी उचलली. मी पेन्सिली परत पेटीत भरल्या. मग तोच म्हणाला, "आता कळलं न्हवं तुला. हिरव्या झाडात तांबडं फळ दिसत न्हाय मला. गुलाबी नि राखाडी एकच वाटतं. जांभळा निळाच दिसतो."

मला लहानपणीच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा तिथल्या तिथं झाला. मावशीकडं डाळिंबाची बाग आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा तोडणी चालू असली की तात्या, म्हणजे अमोलचे वडील, सगळ्यांना कामाला लावायचे. अमोल हमखास कच्ची फळं तोडून आणायचा आणि तयार फळ झाडावर तसंच राहायचं. तात्या ओरडायचे, "डोळं हायत का भोकं? समोर लाललाल दिसतंय ते सोडून हे काय आणलंस?" अमोल मान खाली घालून उभा राहायचा. आम्ही पोरं हसायचो. मग त्याने स्वतःच एक युक्ती काढली. फळाला हात लावून बघायचं. कच्चं डाळिंब गोल गरगरीत असतं, तयार झालं की त्याच्या बाजू चपट्या होतात, कोपरे निघतात. त्याला अमोल म्हणायचा 'खांदे आले'. हा शब्द बागेत दुसरं कुणी वापरत नव्हतं, त्याचाच होता. त्यानंतर त्याची फळं चुकेनाशी झाली, पण तो इतरांपेक्षा हळू तोडायचा आणि त्यावरूनही बोलणी खायचा.

मी म्हटलं, अरे मग घरी सांग की, त्यात लाजायचं काय. तर तो पिसाळलाच. एवढा शांत मुलगा, पण मनगट धरून म्हणाला, "आईशप्पथ घे. कॉलेजात न्हाय आणि घरी तर अजिबात न्हाय." कॉलेजातलं कारण मला कळत होतं. प्रवेशाच्या वेळी तपासणीत त्याला फक्त लांबची अक्षरं वाचायला लावली होती, ती त्याने खडाखडा वाचली आणि दाखला मिळाला. रंगांचं कळलं तर जागा काढून घेतील, अशी त्याची खात्रीच होती. तेव्हा आम्हाला दोघांनाही नियम ठाऊक नव्हते, आणि विचारायचं म्हणजे सांगायचं. पण घरी का नाही? "शिकवलं न्हाय का आपल्याला," तो म्हणाला, "हे मुलाला आईकडनं येतं. आईला कळलं तर ती म्हणंल माझ्यामुळं झालं. जन्मभर सोताला बोल लावंल. तात्यांचं मी ऐकून घेतो, मला सवय हाय. आईला न्हाय कळलं पायजे." मी शपथ घेतली. माझ्या स्वभावाला ते जड गेलं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

तिथून आमचा खरा अभ्यास सुरू झाला. मी प्रयोगशाळेत जाऊन सूक्ष्मदर्शकाला फोन लावून काचांचे फोटो काढायचे आणि गच्चीवर आले की ते काळेपांढरे करायचे. रंग काढून टाकला की आमच्या दोघांचं दिसणं सारखं होईल असा माझा हिशोब. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मलाच काही ओळखता येईना. मग लक्षात आलं की बाईसाहेबांना हिस्टॉलॉजी येत नव्हती, गुलाबी छटा पाठ होत्या. आम्ही दोघं पहिल्यापासून शिकायला लागलो. केंद्रक मध्ये आहे की तळाशी, पेशी उंच आहे की बसकी, ओळ सरळ आहे की वेडीवाकडी, मधली पोकळी केवढी. अमोलची नजर बारीक होती. तो एकेक पेशी फोनवर मोठी करून तिच्या कडेवरून बोट फिरवायचा, बागेत फळावरून फिरवायचा तसं.

पण परीक्षा जवळ आली तशी त्या खोलीत भांडणं सुरू झाली. तो हळू होता आणि परीक्षेत घंटा वाजली की पुढच्या सूक्ष्मदर्शकाकडं सरकावंच लागतं. मी घड्याळ लावून बसायचे, तो चुकला की ओरडायचे. एकदा तर रागाच्या भरात म्हणाले, तुला काय, तू नापास झालास तर बाग आहे. बोलून गेले आणि जीभ चावली. तो उठला, टाकीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. खाली एसटी स्टँडकडं जाणारी वाहनं दिसतात तिथून. बऱ्याच वेळानं आत येऊन बसला आणि म्हणाला, "बागंत तरी मी काय कामाचा? हितंच जमवायला लागंल. लाव घड्याळ." मला त्यानंतर जेवण जाईना. आईला वाटायचं मी माझ्या परीक्षेनं घाबरले आहे.

युनिव्हर्सिटीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेले परीक्षक उंच, हडकुळे होते आणि कधीच आवाज चढवत नव्हते. त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटत होती. घंटेचा भाग अमोलनं कसाबसा पार पाडला. शेवटचं उत्तर लिहिता लिहिता घंटा झाली, तरी लिहिलं. मग तोंडी परीक्षा. त्याचा नंबर माझ्या आधी. मी मागच्या बाकाजवळ उभी होते, सगळं ऐकू येत होतं. परीक्षकांनी जठराच्या अस्तराची काच लावली आणि मी मनात म्हटलं, संपलं. कारण जठरात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या असतात, एक गुलाबी आणि एक जांभळी, आणि सगळी मुलं त्या रंगावरूनच ओळखतात.

"यातली गुलाबी पेशी दाखव," ते म्हणाले.

सूक्ष्मदर्शकात एक बारीक काटा दिसतो. काच सरकवत हवी ती पेशी त्या काट्याच्या टोकाशी आणायची असते. अमोल वाकला. काच सरकवत राहिला, थांबला, पुन्हा सरकवली. मी त्याच्या मानेवरचा घाम बघत होते. मग तो बाजूला झाला. परीक्षकांनी बघितलं. "बरोबर. कशावरून ओळखलीस?"

"रंगावरून, सर," एवढंच म्हणायचं होतं. कुणीही तेच म्हटलं असतं आणि गोष्ट तिथं संपली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल, बोल एकदाचं. अमोल म्हणाला, "सर, हिचे खांदे बाहेर आलेत."

"काय आलेत?"

"खांदे, सर."

आमचे सर दचकून बघायला लागले. परीक्षकांनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाय सर. आमच्या बागेत म्हणतो मी… फळाला." त्याची सगळी शुद्ध भाषा पळून गेली होती. "दुसऱ्या पेशीचं केंद्रक तळाला हाय, ही मधी केंद्रक धरून फुगलीय. बाहेरच्या अंगाला खांदे काढून बसलीय."

"ते ठीक आहे. पण गुलाबी आहे म्हणून, असं सरळ का नाही म्हणालास?"

अमोलनं काचेवरचं बोट काढून घेतलं. मला वाटलं आत्ता जाऊन याला धरून बाहेर न्यावं. आणि मग तो हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "गुलाबी दिसत न्हाय मला, सर. पहिल्यापासनं."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आमच्या सरांकडं बघितलं, सरांनी खाली बघितलं. मग परीक्षकांनी जठराची काच काढून दुसरी लावली आणि म्हणाले, "बरं. रंग सोडून सांग."

तो सांगत गेला. एकामागून एक काचा लावल्या त्यांनी, माझा नंबर आला तरी थांबले नाहीत. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. शेवटी नुसती मान हलवून जायला सांगितलं. माझी तोंडी कशी झाली ते मला आठवत नाही. बाहेर आले तेव्हा अमोल जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी त्याला खूप बोलले. कशाला तोंड उघडलंस, एक शब्द खोटं बोलला असतास तर काय झालं असतं? तो म्हणाला, "पुढच्या काचेला परत बोलायला लागलं असतं. मग त्याच्या पुढच्या. मी थकलोय तायडे."

निकाल लागेपर्यंत आम्ही दोघांनी कॉलेजच्या प्रत्येक शिपायाकडं संशयानं बघितलं. आता बोलावतील, आता पत्र देतील. कुणी बोलावलं नाही. तो पास झाला, आणि हिस्टॉलॉजीत माझ्याहून जास्त मिळाले त्याला. पुढं कधीतरी आमच्या एका मॅडमना आडून आडून विचारलं तेव्हा कळलं, एवढ्यावरून कुणी कुणाला काढत नाही. मी म्हटलं, आता तरी घरी सांग. तर म्हणाला, "कॉलेजाचं मिटलं. आईचं न्हाय मिटलं."

रेडिओलॉजी त्याने मागून घेतली. एक्स-रे, सीटी, सगळं काळंपांढरं. पहिल्या आठवड्यात फोन करून म्हणाला, "तायडे, आता समद्यांनाच माझ्यासारखं बघायला लागतंय." तेवढा एकदा मी त्याला मनापासून हसताना ऐकलं. मी पॅथॉलॉजी घेतली. दिवसभर गुलाबी आणि जांभळं बघते. अवघड काच आली की अजूनही आधी रंग काढून बघते.

गेल्या आठवड्यात मी वस्तीवर गेले. तोडणी चालू होती, बागेत माणसं होती आणि तात्या बांधावर घराकडं पाठ करून बसलेले. माझ्याशी दोन शब्द बोलले आणि पुन्हा बागेकडं बघायला लागले. मावशी आतल्या खोलीत होती. सोलापूरहून आलेली अमोलची बॅग तिनं उघडली होती आणि त्याचे कपडे घड्या घालून एका बाजूला ठेवत होती, कुणाकुणाला द्यायला. मी शेजारी बसले. सबंध रस्ता मी एकच विचार करत आले होते की आता सांगावं का. शपथ ज्यानं घातली तो गेला. तात्यांना तरी कळावं की पोरगं वेंधळं नव्हतं. पण मावशीला सांगितलं आणि तिनं खरंच स्वतःला बोल लावला तर? या अवस्थेत?

मावशी शर्ट झटकायची, घडी घालायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. मला आधी वाटलं देवाचं नाव घेतेय. मग नीट ऐकू आलं.

"हिरवा," ती म्हणाली, आणि घडी खाली ठेवली. दुसरा उचलला. "ह्यो भुरका."

"मावशी, कुणाला सांगतीयेस?"

ती थांबली. हातातल्या शर्टाकडं बघत राहिली. "सवय लागलीय गं. कापडं देताना रंग सांगूनच द्यायची त्याला. पयल्यापासनं."

मी म्हटलं, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"माझ्या बापाचं डोळं आलं त्याला. आमची आई आण्णांना असंच सांगायची, हे पिवळं, हे हिरवं. मला न्हाय कळायचं व्हय?"

"मग कधी बोलली का नाहीस त्याच्याशी? तात्या एवढे ओरडायचे…"

"त्यो लपवत हुता," मावशी म्हणाली. "मला कळू नये म्हणून जीव टाकायचा. म्हणलं, आईला ठाव हाय कळलं तर त्याला आणखी लागंल. ऱ्हाऊ दे म्हणलं. रंग तेवढं सांगत ऱ्हायले."

मी रडायला लागले तर तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. मग बॅगेतून पुढचा शर्ट काढला, झटकला, घडी घातली.

"तांबडा," म्हणाली, आणि माझ्या हातात दिला.